मुळापासून सांग!

‘सर्च चालत नाही’ एवढं सांगून आबांकडे काम होत नाही. कुठलं सर्च, कुठल्या नोडवर, कधीपासून, आणि ते चालत नाही हे तुला कुणी सांगितलं, ते आधी बोल. सांगणारा घाईत असला की आबा जास्तच सावकाश होतात. प्रॉडक्शन आडवं झालेलं असतं, मॅनेजर घाम पुसत असतो, ग्राहकाकडचा माणूस कॉलवर दर दोन मिनिटांनी ‘एनी अपडेट?’ म्हणत असतो, आणि आबा शर्टाच्या टोकानं चष्म्याची काच पुसत विचारतात, “फाइल बदलली म्हणतोस. कुठली?”

हिंजवडीतल्या बहुतेक प्रत्येक कंपनीत असा एक माणूस सापडतो. कार्डावर त्याचं पद काहीही छापलेलं असो, त्याचं खरं काम एकच, हरवलेली कॉन्फिग फाइल शोधणं. हरवलेली म्हणजे नाहीशी झालेली नव्हे. फाइल असतेच, उलट तिच्या तीन-तीन प्रती असतात. त्यातली यंत्र कुठली वाचतं, एवढंच कुणाला ठाऊक नसतं. आमच्या आबांना ठाऊक असतं, आणि आपल्याला ठाऊक आहे हेही त्यांना चांगलं ठाऊक असतं.

आबा हे नाव ऑफिसनं दिलेलं. वय पन्नाशीच्या अलीकडे, पण ज्या मजल्यावर निम्म्या लोकांचा पहिला ईएमआय अजून सुरू व्हायचाय तिथं चाळिशी ओलांडलेला माणूस आपोआप आबा होतो. चौकटीचा हाफ शर्ट. खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल; लाल वापरताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. गळ्यातलं आयकार्ड शर्टाच्या खिशात खोचलेलं, कारण वाकल्यावर ते दुसऱ्याच्या कीबोर्डवर आपटतं आणि मग कुठली कळ दाबली गेली याचाही शोध लावावा लागतो. गाव विट्याजवळचं. वडील तलाठी होते. ही शेवटची माहिती ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आबांचा संसार सोलर नावाच्या सर्च सर्व्हरभोवती. छपरावरच्या सोलरशी त्याचा काही संबंध नाही, पण सोसायटीतले लोक अजूनही त्यांना गाठून सबसिडी कधी जमा होते ते विचारतात. सुरुवातीला आबा समजावून सांगत. आता ते ‘फॉर्म भरलाय ना, मग येईल’ म्हणून पुढं जातात.

नव्या मुलांना हा इतिहास पहिल्याच दिवशी ऐकावा लागतो. डग कटिंग नावाच्या माणसानं ल्युसीन ही शोधाची लायब्ररी लोकांसमोर ठेवली. ल्युसीन हे त्याच्या बायकोचं मधलं नाव. “बघा, मधलं वापरलं,” आबा सांगतात, “पहिलं शिल्लक ठेवलं. पुढच्या प्रोजेक्टला लागलं तर.” पुढच्या प्रोजेक्टला ते लागलं नाही, हडूपचं नाव कटिंगच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीवरून पडलं. तर या ल्युसीनवर योनिक सीलीनं २००४ मध्ये सी-नेट कंपनीत सोलर उभं केलं आणि २००६ मध्ये कंपनीनं ते अपाची फाउंडेशनला देऊन टाकलं. दुकानाच्या वेबसाइटवर वरच्या चौकोनात आपण ‘कुकर’ टाइप करतो आणि पापणी लवायच्या आत तीनशे कुकर समोर येतात, त्यामागं अशीच एखादी व्यवस्था असते. आपल्याला कुकर दिसतो, आबांना त्यामागचा फोल्डर.

आबांच्या मते सोलरचा सुवर्णकाळ २०१२ च्या ऑक्टोबरात संपला. तोवर एक मशीन, त्यावर एक सोलर, त्यात आपला कॉन्फ नावाचा फोल्डर आणि फोल्डरात चार ओळखीच्या फाइली. सोलरकॉन्फिग, स्कीमा, समानार्थी शब्दांची सिनॉनिम्स आणि वगळायच्या शब्दांची स्टॉपवर्ड्‌स. फाइल हरवायची म्हटली तरी जागा कमी. मग ४.० आलं आणि त्याच्यासोबत सोलरक्लाउड. माल दहा मशीनवर तुकड्या-तुकड्यांनी वाटून ठेवायचा, आणि कॉन्फिग मात्र या दहांपैकी एकाच्याही फोल्डरात ठेवायचं नाही. ते सांभाळायला वेगळा कारभारी, झूकीपर. हा याहूत जन्मला. तिथं प्रकल्पांना प्राण्यांची नावं द्यायची इतकी हौस होती की अखेर प्राणिसंग्रहालय सांभाळणाराही नेमावा लागला. हे कारभारी तीन किंवा पाच ठेवतात, चार नाही, कारण निर्णय बहुमतानं होतो आणि चौथ्यानं जास्तीचं बळ काही येत नाही. आबांना हा नियम फार प्रिय आहे. सोसायटीच्या समितीत आठ जण का, यावर ते दर वार्षिक सभेत बोलतात.

आता तलाठी. झूकीपर म्हणजे काय ते नव्या माणसाला कळत नाही. तो म्हणतो, फाइल तर माझ्या समोर डिस्कवर आहे, मी ती उघडली, बदलली, सेव्ह केली. मग आबा खुर्ची मागं सरकवतात. “बाळा, शेत कुणाचं ते शेतात उभं राहून कळतं का? तू बांधावर उभा राहून ‘हे माझं’ म्हणून ओरड, नांगरून टाक, ऊस लाव. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव असेल तर ऊस त्याचा. झूकीपर म्हणजे सातबारा. डिस्कवरची फाइल म्हणजे तू बांधावर उभा.” पोरगा पुण्यात वाढलेला असेल तर त्याला सातबाराही समजावून सांगावा लागतो, आणि त्यात अर्धा तास जातो. तेवढ्यात ‘एनी अपडेट?’ पंधरा वेळा होऊन जातं.

दिवाळी सेलच्या आधीची एक रात्र मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण त्या रात्री मी टेस्टिंगला होतो आणि आबांचं सगळं आबापण एकाच बैठकीत पाहायला मिळालं. ग्राहकाच्या दुकानात ‘फ्रीज’ टाइप केलं की शून्य वस्तू यायच्या. ‘रेफ्रिजरेटर’ टाइप केलं की दुकानभर. म्हणजे समानार्थी शब्दांच्या यादीत फ्रीज नव्हता. एका नव्या पोरानं ओळ टाकली: फ्रीज, फ्रिज, रेफ्रिजरेटर, शीतकपाट. (शीतकपाट ग्राहकाच्या मार्केटिंगवाल्यांनी हट्टानं घालायला लावलं होतं. सेलभर त्या शब्दानं कुणी शोधलं नाही, मी लॉग पाहिलेत.) तिन्ही मशीनवरची फाइल त्यानं बदलली, तिन्ही मशीन रिस्टार्ट केली. फ्रीज शून्यच. पुन्हा रिस्टार्ट. शून्य. मग रात्री साडेअकराला त्यानं आबांना फोन केला. आबा वाकडला राहतात. ते रिक्षानं आले आणि आल्या आल्या उभ्यानंच सुरू झाले.

“काय रे, कुठली फाइल बदललीस?”

“सिनॉनिम्सची, आबा.”

“ते नाव झालं. मी जागा विचारली.”

“तीच. कॉन्फमधली.”

“‘तीच’ नावाचा फोल्डर लिनक्समध्ये नसतो. मुळापासून सांग.”

मुळापासून म्हणजे पहिल्या स्लॅशपासून. हा आबांचा मंत्र. अर्धवट पत्ता त्यांना सहन होत नाही. पोरानं बोट ठेवून वाचलं, “स्लॅश व्हार, स्लॅश सोलर, स्लॅश डेटा, स्लॅश प्रॉडक्ट्स, स्लॅश कॉन्फ, स्लॅश सिनॉनिम्स डॉट टीएक्सटी.”

“शेजारी कोअर डॉट प्रॉपर्टीज आहे का बघ. कॉन्फच्या बाहेर, प्रॉडक्ट्समध्ये.”

“नाही.”

“मग त्या फोल्डरकडं सोलर ढुंकूनही बघत नाही. ती फाइल सापडली तर इथं कोअर आहे असं तो समजतो, नाही तर त्याच्या लेखी हा नुसता कचरा. हा जुन्या काळचा फोल्डर आहे, क्लाउडवर गेलो तेव्हा कुणीतरी कोअर डॉट प्रॉपर्टीज काढली आणि कॉन्फ तसाच ठेवला. ठेवणाऱ्याचं नाव मला माहीत आहे. तो आता बंगळुरात आहे.”

पोराचा विश्वास बसेना. फाइल दिसायला अगदी अस्सल होती. तारखा होत्या, कुणाच्या तरी टिपा होत्या. मग आबांनी आपली कसोटी लावली. ही कसोटी ते फक्त स्टेजिंगवर लावतात, आणि ती पाहताना मॅनेजर लोक दुसरीकडं बघतात. फाइल मुद्दाम मोडायची. तिथल्या तशाच जुन्या फोल्डरातली सोलरकॉन्फिग उघडली, मधोमध एक टॅग उघडा सोडला, वर ‘अगं बाई अरेच्चा’ असं टाइप केलं आणि सर्व्हर रिस्टार्ट केला. एक्सएमएलमध्ये एवढी घाण दिसली तर सोलर लॉगमध्ये पानभर बोंब मारतो. सर्व्हर हसतमुख उठला. लॉग स्वच्छ. “बघ,” आबा म्हणाले, “वाचत असता तर रडला असता.”

पुढं पोरगा शहाणा झाला. सोलरच्या ॲडमिन पानावर क्लाउड आणि त्याखाली ट्री असतं, त्यात झूकीपरच्या पोटातलं सगळं दिसतं. तिथं कॉन्फिग्ज, प्रॉडक्ट्स, सिनॉनिम्स उघडलं, तर यादी जुनी. फ्रीजचा पत्ता नाही. म्हणजे फाइल झूकीपरवर चढवायला हवी. त्यासाठी अपकॉन्फिग ही आज्ञा. पोरानं ती दिली. चढली म्हणून उत्तर आलं, तक्रार कसलीही नाही. ट्री पुन्हा उघडला. यादी जुनीच.

इथं माझ्यासारखा माणूस घरी गेला असता. आबांचा चेहरा मात्र खुलला. रोग साधा नाही हे कळल्यावर वैद्याला वाटावा तसला तो आनंद लपवायचं त्यांना जमत नाही. त्यांनी पोराच्या खांद्यावरून वाकून (आयकार्ड खिशात) झूकीपरचा क्लायंट सोलरला मध्ये न घालता थेट उघडला आणि एवढंच विचारलं: मुळाशी काय काय आहे? उत्तराच्या ओळीत तीन नावं होती. कॉन्फिग्ज, सोलर, झूकीपर.

“तीन,” आबा म्हणाले. “दोन पाहिजेत.”

आम्ही बघत राहिलो.

“आपलं सगळं सोलर नावाच्या फांदीखाली ठेवलंय. झूकीपर स्वतःचं झूकीपरमध्ये ठेवतो. मुळाशी कॉन्फिग्ज यायचं कारणच नाही. तू पत्ता कसा दिलास?”

पोरानं मशीनची नावं आणि २१८१ हा पोर्ट दिला होता. शेवटचं ‘स्लॅश सोलर’ राहिलं होतं. झूकीपरनं काही विचारलं नाही; सांगितलं तिथं, मुळाशीच, नवा फोल्डर केला आणि फाइली नीट मांडून ठेवल्या. सोलर बघत होता आपल्या फांदीवर. दोघंही आपापल्या जागी बरोबर, म्हणून तर कुणीच तक्रार करत नव्हतं. आणि यातली पुढची मेख आबांनी लगेच सांगून टाकली, कारण ती सांगितल्यावाचून त्यांना झोप आली नसती. झूकीपर तीन असतील तर तिघांचे पत्ते स्वल्पविराम देऊन लिहायचे आणि ‘स्लॅश सोलर’ सगळ्यांच्या शेवटी एकदाच. माणसं ते प्रत्येकाच्या मागं जोडतात. “आडनाव एकदाच लिहायचं,” आबा म्हणाले. “पत्रिकेत कसं लिहितात?”

पुन्हा चढवली. ट्रीमध्ये फ्रीज दिसला. पोरगा ‘झालं!’ म्हणून उठला आणि आबांनी त्याला खाली बसवलं. झूकीपरमध्ये फाइल बदलली म्हणजे चालू असलेल्या सोलरनं ती वाचली असं नव्हे. त्याच्या डोक्यात अजून जुनीच आहे. कलेक्शन रीलोड करावं लागतं. रीलोड केलं. मग शेवटचा प्रश्न, “समानार्थी इंडेक्स करताना लावलेत की शोधताना?” शोधताना लावले होते. नशीब. इंडेक्सच्या वेळी लावले असते तर सगळा माल नव्यानं चढवावा लागला असता, आणि माल काही लाख वस्तूंचा होता. दुकानात फ्रीज दिसू लागले. ‘एनी अपडेट?’ला मॅनेजरनं स्वतः उत्तर दिलं, त्यात आबांचं नाव नव्हतं. आबांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना मुळाशी पडलेला तो तिसरा फोल्डर पुसायचा होता. तो पुसून, मुळाशी पुन्हा दोनच नावं आहेत याची खात्री करून ते खाली चहाच्या टपरीवर आले. टपरी बंद होती.

असं वाटेल की आबांना सोलर येतो. मला तसं वाटत नाही. शब्दांना गुण कसे देतात, निकाल कुठल्या क्रमानं लावतात, यात त्यांना फारसा रस नाही. त्यांना एकच गोष्ट येते: कुणी काहीही सांगितलं तरी त्यावर विश्वास न ठेवणं आणि थेट यंत्राला विचारणं. टीममधल्या कुणीही ‘सेटिंग सोलर डॉट इन डॉट एसएच या फाइलीत आहे’ म्हटलं की ते विचारतात, कुठल्या? कारण सोलर सर्व्हिस म्हणून बसवला असेल तर ती फाइल ईटीसीखालच्या डीफॉल्टमधून वाचली जाते, आणि लोक बदलत बसतात उलगडलेल्या झिपमधल्या बिनखालची. म्हणून आबा फाइल उघडतच नाहीत. चालू प्रोसेसची अख्खी ओळ काढतात. सोलरचं घर कुठलं धरलंय, झूकीपरचा पत्ता काय घेतलाय, सगळं तिथं स्वच्छ लिहिलेलं असतं. ओळ लांबलचक, पडद्यावर सहा-सात ओळींत गुंडाळली जाते, म्हणून कुणी वाचत नाही. आबा ती बोट फिरवत वाचतात.

चुकांचे संदेशही ते असेच वाचतात. ‘सोलरकॉन्फिग सापडत नाही’ असं लाल अक्षरात आलं की पोरं घाबरून ते वाक्य एकमेकांना पाठवतात. वाक्याचा पुढचा अर्धा भाग कुणी वाचत नाही, आणि तिथंच तर ती कुठं शोधली तो पत्ता दिलेला असतो. “सर्व्हर स्वतः सांगतोय मी कुठं बघून आलो,” आबा म्हणतात. “तुम्ही त्याचं निम्मं ऐकून पळता.” यात ते शंभर टक्के बरोबर आहेत. फक्त हे ते फार मोठ्यानं म्हणतात.

एकदा एका मुलीनं नवा नोड उभा केला. सगळं हिरवं, चूक एक नाही, पण कलेक्शन मात्र दिसेना. तिनं क्लाउडमध्ये चालू करायची खूण दिली होती, झूकीपरचा पत्ता द्यायची राहिली. अशा वेळी सोलर हताश होत नाही, स्वतःचाच झूकीपर पोटात उभा करतो. आबांनी पडद्यावर फक्त ९९८३ हा आकडा पाहिला आणि म्हणाले, “सोलर ८९८३ वर असतो. त्यात हजार मिळव. अगं, हा घरच्या घरी स्वतंत्र झालाय.” तिनं पत्ता दिला आणि नोड आपल्या लोकांत आला. या गोष्टीला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आबांनी मात्र ती चार महिने सांगितली.

दुसरी गोष्ट ते फारशी सांगत नाहीत, कारण तिच्यात विनोद नाही. एका ठिकाणी झूकीपर बसवताना नमुन्याची झू-सॅम्पल फाइल तशीच नाव बदलून वापरली गेली. त्या नमुन्यात डेटा ठेवायची जागा टेम्प फोल्डरात दिलेली असते, आणि शेजारीच टीप असते की हे नुसतं उदाहरण आहे, खऱ्या कामाला टेम्प वापरू नका. टीप वाचायची कुणाला सवड! कित्येक महिने सुरळीत चाललं. मग मशीन रीबूट झालं, टेम्प रिकामं झालं आणि झूकीपर निरागसपणे, काहीच माहीत नसल्यासारखा उठला. कॉन्फिग नाही, कलेक्शनची नोंद नाही. माल डिस्कवर सगळा होता, पण तो कुणाचा, ते सांगणारं दप्तर गेलं. त्या दिवशी आबा कुणावर ओरडले नाहीत. तीनदा पाणी प्यायले.

आबांचे शत्रू म्हणजे प्रतीवाले. आमच्या टीम लीडना प्रती ठेवायचा छंद आहे: सोलरकॉन्फिग फायनल, फायनल नवी, फायनल नवी खरी, आणि तारखेची एक, तीही चुकीच्या तारखेची. गिट असताना हे कशाला, असं त्यांना विचारलं की ते म्हणतात, गिटमध्ये आहेच, ही आपली असावी म्हणून. अपकॉन्फिग फोल्डरातलं जे जे दिसेल ते सगळं चढवतं. त्यामुळं एकदा आबांनी ट्री उघडला तर झूकीपरमध्ये या सगळ्या फायनल ओळीनं मांडलेल्या. शिवाय पाच वर्षांपूर्वीची कुठल्यातरी एक्सेलची सीएसव्ही. झूकीपरमध्ये एका फाइलीला साधारण एक एमबीची मर्यादा असते. सीएसव्ही त्याच्या जेमतेम आत होती, म्हणून आत शिरली. आबांनी लीडना विचारलं, “साहेब, यातली खरी कुठली?” लीड म्हणाले, “फायनल नवी खरी.” सोलर वाचत होता साधी सोलरकॉन्फिग, जिच्यामागं काहीच जोडलेलं नव्हतं.

स्कीमाच्या फाइलीनं तर सोलर स्वतःच प्रतीवाल्यांच्या बाजूला गेलाय, असं आबांचं मत आहे. मॅनेज्ड स्कीमा चालू असला आणि त्याला साधी स्कीमा डॉट एक्सएमएल सापडली, तर तो तिच्यावरून मॅनेज्ड-स्कीमा तयार करतो आणि मूळ फाइलीच्या नावामागं बॅक जोडून ठेवतो. माणसं बॅक काढतात, फाइल पूर्ववत करतात, बदल करतात, आणि पुन्हा आबांना फोन. मॅनेज्ड फाइलीच्या डोक्यावर ‘हिला हात लावू नका’ असं लिहिलेलं असतं, म्हणून हात लावायचं धाडस कुणी करत नाही; जिला लावतात तिला सोलर विचारत नाही. त्यात ९.० मध्ये या फाइलीच्या नावाला शेपूट जोडलं गेलं, एक्सएमएलचं. ते वाचून आबांनी रजा टाकली होती, असं म्हणतात. मी खात्री केली, ती रजा मुलीच्या दहावीच्या निकालासाठी होती.

घरी त्यांचा जाच वेगळाच. वहिनी शाळेत शिकवतात आणि त्यांच्यासमोर आबांचं चालत नाही, पण प्रयत्न चालू असतात. एकदा मी गेलो असताना गॅसचं पुस्तक सापडत नव्हतं.

“तिथंच आहे,” वहिनी आतून म्हणाल्या.

“तिथं म्हणजे?”

“अहो, नेहमीच्या जागी.”

“नेहमीची जागा हा पत्ता नव्हे. कपाट कुठलं, कप्पा कितवा, आणि शेवटचं कुणी उघडलं?”

“शेवटचं तुम्ही उघडलंत,” वहिनी म्हणाल्या. “आणि बघा, तुम्ही बसलायत त्या गादीखाली आहे.” पुस्तक गादीखाली होतं. आबा ते घेऊन बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, “म्हणजे डीफॉल्ट बदललाय.”

लग्नाच्या पत्रिका त्यांना आवडत नाहीत, कारण पत्ता हनुमान मंदिरामागं असतो आणि हनुमान मंदिरं पुष्कळ. जेवण घेऊन येणाऱ्या मुलाला ते वाकडच्या चौकापासून दार क्रमांकापर्यंत सगळं फोनवर सांगतात, मध्ये थांबून ‘लिहून घेतलंस का’ विचारतात. मुलगा तोवर दारात उभा राहून बेल वाजवत असतो.

एवढं सगळं मान्य करूनही आबांबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती लहान नाही. आमच्याकडं एकूण पाच सर्च क्लस्टर आहेत. कुठल्याचं कॉन्फिग कुठल्या फांदीखाली, कुठला झूकीपर कुठल्या मशीनवर, कुठल्या नोडवर कुणी काय चुकीचं ठेवून गेलंय आणि ते का पुसायचं नाही, हे सगळं मुळापासून एका ठिकाणी लिहिलेलं आहे. ते ठिकाण म्हणजे आबांची डायरी. एका सहकारी बँकेनं वाटलेली, लाल कव्हरची. ऑफिसच्या विकीवर ‘सोलर कॉन्फिग’ नावाचं पान आहे, त्यावर एकच ओळ आहे, आबांना विचारणे. जगाला फाइल कुठं ठेवली म्हणून फैलावर घेणारा हा माणूस स्वतःची फाइल मात्र कुणाला दिसेल अशा जागी ठेवत नाही. मी हे त्यांना तोंडावर म्हटलंय. ते म्हणाले, “डायरी माझ्या डाव्या ड्रॉवरमध्ये आहे, पत्ता पूर्ण सांगितला.” ड्रॉवरला कुलूप आहे, हे सांगितलं नाही.

तुमच्याकडं असा कुणी आबा असेल तर तो नोटीस पिरियडवर जाण्याआधी त्याची डायरी मागून घ्या आणि पानांचे फोटो काढा. मी मागितली होती. अजून मिळालेली नाही.